हजेरीपट आणि अंगठा

बोईसर-तारापूर पट्ट्यात हॉटेल चालवणं सोपं नाही. 1969 साली अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसी वाढली, आणि कंत्राटदार, फिटर, विक्रेते यांची ये-जा लागली ती आजतागायत. पहाटे नाश्ता मागणारं गिऱ्हाईक वेगळं, सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेअकराला थाळी मागणारं वेगळं. दोघांना सांभाळायला माणसं लागतात, आणि माणसांचा हिशेब ठेवायला आता सॉफ्टवेअर.

माझा एक जुना विद्यार्थी इथेच लॉजिंग-बोर्डिंग चालवतो. पंचवीसेक माणसं कामाला. वही बंद करून त्याने अंगठ्याचं यंत्र आणि मोबाईलवर दिसणारं ड्युटीचं वेळापत्रक बसवायला घेतलंय. म्हणाला, "सर, आता वादच मिटला. मशीन खोटं बोलत नाही."

खोटं बोलत नाही, कबूल. पण जे मोजायला सांगितलं तेवढंच ते मोजतं. आणि काय मोजायचं हे ठरतं ते बसवण्याच्या दिवशी, मालक आणि कंपनीचा माणूस चहा पीत बसलेले असताना. वाढपी तेव्हा टेबलं पुसत असतो!

ब्रेक शिफ्टचंच बघा. सकाळी सात ते अकरा, पुन्हा संध्याकाळी सात ते अकरा. यंत्र म्हणणार आठ तास. पण मनोरकडच्या पाड्यावरून आलेला पोरगा मधल्या वेळात घरी कसा जाणार? तो गोदामात पोत्यांवर आडवा होतो. कायदा कामाचे तास वेगळे धरतो आणि पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुट्टीपर्यंतचा पसारा वेगळा धरतो, दोन्हींना मर्यादा घालतो. सॉफ्टवेअरमध्ये तो पसारा कोणी भरलाच नाही, तर तो कागदावर उरतच नाही.

रात्रीची गोष्ट आणखी मजेशीर. चारला आलेला माणूस साडेबाराला सुटला की तारीख बदललेली. दिवस मध्यरात्री संपतो असं धरलं असेल, तर त्याचं जाणं नोंदलंच जात नाही आणि तो गैरहजर ठरतो. भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा सोड्याने झिजलेल्या. तिचा अंगठा चारदा लावला तरी लागत नाही. डहाणू लोकल उशिरा आली की लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांना अर्धा दिवस. हे सगळं कोणी दुष्टपणाने करत नाही. न विचारता केलेलं असतं, इतकंच.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली, तीही वर्षानुवर्षं झगडून. आता साप्ताहिक सुट्टी म्हणजे पडद्यावरची एक बरोबरची खूण. हॉटेल कामगार तर मागेच राहिलेला. 1930 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दुकानं-कचेऱ्यांच्या कामाच्या तासांचा करार केला, त्यातून हॉटेलं आणि उपाहारगृहं वगळली होती.

मला सगळ्यात खुपतं ते दुसरंच. शाळेच्या हजेरीपटात खाडाखोड झाली तर शेजारी सही करावी लागे. मुख्याध्यापक तेवढंच आधी बघायचे. इथे मॅनेजर मोबाईलवरून साडेअकराचे अकरा करतो आणि मागे काही डागही राहत नाही. बदल कोणी, कधी, का केला याची नोंद ठेवायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करून घ्यायला हवी. महिन्याचा तक्ता पगाराआधी चार दिवस मराठीत आणि हिंदीत छापून भटारखान्याच्या भिंतीवर लावावा, म्हणजे ज्याचा तास गेला तो वेळेत बोलू शकेल. आणि आवणीच्या दिवसांत निम्मी स्थानिक माणसं शेतावर जाणारच. त्या रजा वेळापत्रकात आधीच धरायला काय हरकत आहे?

हे सगळं मी त्याला सांगितलं. दिवस पहाटे चारला बदलेल अशी व्यवस्था त्याने त्याच आठवड्यात करून घेतली. त्या बाईसाठी कार्ड आणलं. खाडाखोडीची नोंदही चालू केली, मॅनेजर थोडा नाराज झाला म्हणे. दुपारच्या पोत्यांवरच्या तासांचं मात्र तो अजून बोलत नाही. "हिशेब करून बघतो सर," एवढंच म्हणतो.