संगणक आपला, सुटे भाग कोणाचे?

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत नव्या सोयाबीनची आवक वाढते. अशा वेळी आडत दुकानातील संगणक बंद पडला, तर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, खरेदीदारांची बिले, हमाली-तोलाईचा हिशेब असे सारेच खोळंबते. दुरुस्ती करणारा येऊन वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे एसएमपीएस, जळाल्याचे सांगतो. असेंबल केलेल्या संगणकात हा भाग तासाभरात बदलता येतो. तो गावातील दुकानात मिळतो. काही नामांकित कंपन्यांच्या संगणकांत मात्र त्याचा आकार निराळा असतो आणि जोडणीच्या पिनाही निराळ्या. बाजारातील भाग तेथे बसत नाही. कंपनीचा भाग येईपर्यंत मुनीमजींना पुन्हा वही उघडावी लागते.

नांदेडमधील एखाद्या घरात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या मुलासाठी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला जातो. तिसऱ्या वर्षी ती अपुरी पडते. तेव्हा कळते की रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे आणि वाढवायची असेल, तर संपूर्ण मदरबोर्ड किंवा नवा लॅपटॉप एवढेच पर्याय उरतात.

संगणकाचा मूळ स्वभाव असा नव्हता. १९८१ मध्ये आयबीएमने आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना इतरांनाही त्यासाठी भाग बनवता येतील अशी खुली होती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा मापदंड मांडला. त्यामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीचे कॅबिनेट आणि तिसरीचा एसएमपीएस सहज जुळू लागले. जिल्ह्याच्या गावांत संगणक जोडून देणारी असंख्य दुकाने उभी राहिली ती याच खुलेपणावर.

रॅम सोल्डर करण्यामागे लॅपटॉप पातळ व हलका करण्याचे कारणही असते, हे मान्य करावे लागेल. परंतु खरेदीपूर्वी ग्राहकाला ते स्पष्टपणे सांगितले जाणे हा त्याचा हक्क आहे.

सुट्या भागांची अडवणूक कायद्यालाही अपरिचित नाही. मोटारींचे सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरवून दंड केला होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही तिची प्रमुख क्षेत्रे होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असले, तरी लातूर-नांदेडच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागता येते.

तथापि, सोल्डर केलेला भाग कोणताही कायदा सुटा करून देणार नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीच काही प्रश्न विचारले पाहिजेत. रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येतील काय? त्यासाठी मोकळी जागा किती? एसएमपीएस प्रचलित मापाचा आहे काय? बॅटरी किती वर्षे मिळेल? दुरुस्ती गावात होईल, की यंत्र पुण्याला अथवा हैदराबादला पाठवावे लागेल? बाहेरचा भाग बसविल्यास वॉरंटीचे काय? दुकानदाराची उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.

मोठ्या शहरातील ग्राहकाचे काम एका दिवसाने अडते, तर जिल्ह्याच्या गावातील ग्राहकाचे आठवड्याने. घेताना दोन हजार रुपये वाचवणारा संगणक ऐन हंगामात आठ दिवस बंद राहिला, तर तो स्वस्त म्हणता येत नाही. संगणकाची खरी किंमत पहिल्या बिलाबरोबर पहिल्या दुरुस्तीच्या वेळीही मोजावी लागते, हे ध्यानात ठेवूनच खरेदी करावी.