तलाव हिरवे होण्याआधी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. आपला हा मुलूख तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने पाळी बांधल्या, पाणी अडवलं आणि धान पिकवलं. मालगुजारी गेली, पण तलाव राहिले. पूर्व विदर्भात आजही सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव आहेत आणि त्यातले बहुतेक उथळ आहेत.

हे तलाव गाळाने भरताहेत, बेशरमाच्या झुडपांनी वेढले जाताहेत, हे आपल्याला दिसतं. पाण्याच्या आत जे हरवतंय, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी तलावाचा एक थेंब ठेवून पाहा. नावेच्या आकाराचे डायटम सावकाश सरकत जातात. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. सेनेडेस्मसच्या चार पेशी एकमेकींना चिकटून उभ्या असतात. पेडियास्ट्रमची दातेरी चकती दिसते. एखादा व्हॉल्व्हॉक्स गरगरत निघून जातो. हे सगळे वनस्पतिप्लवक, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाळं. दिवसा ती पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांना डॅफ्नियासारखे बारीक जीव खातात, त्या जिवांवर माशांची पिल्लं वाढतात. ढिवर बांधवांच्या जाळ्यातली मासळी आणि काठावरचे बगळे याच थेंबावर जगतात.

मग बिघडतं कुठे? गावाचा नाला तलावात उतरतो. शेतातलं जादा खत पावसाबरोबर वाहून येतं. पाण्यात फॉस्फरस आणि नत्र वाढतं. सुरुवातीला तळाच्या पाणवनस्पती ते शोषून घेतात, गाळही धरून ठेवतात. पण त्यांची सहनशक्ती संपली की पाणी गढूळ-हिरवं होतं, तळापर्यंत ऊन पोचत नाही आणि पाणवनस्पती मरतात. शंभर जातींच्या जागी मायक्रोसिस्टिससारख्या एकदोन नील-हरित जाती माजतात. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय धरते.

ही साय रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांचं विष यकृतावर घाला घालतं आणि पाणी उकळल्यानेही ते जात नाही. हेच पाणी आपली जनावरं पितात.

उथळ तलावाचं दुखणं चिवट असतं. वारा सुटला की तळ ढवळतो आणि गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणून नाला बंद केल्यावरही तलाव लगेच निवळत नाही. पण निवळू शकतो, हे नक्की. नेदरलँड्समधलं वेलुवेमेर हे उथळ सरोवर असंच हिरवं झालं होतं. १९७९ पासून तिथे येणाऱ्या सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला सुरुवात झाली. वर्षं लागली, पण पाणी स्वच्छ झालं आणि तळाच्या वनस्पती परतल्या. इतक्या लांब जायचीही गरज नाही. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या महिलांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. त्यांनी केलं, ते आपल्यालाही जमेल.

सुरुवात नाल्यापासून करू. घरोघरी शोषखड्डा केला, तर सांडपाणी तलावाच्या वाटेलाच जाणार नाही. शेतकरी बांधवांनो, माती परीक्षण करूनच डीएपी टाका आणि तलावाकडच्या बांधावर गवताचा पट्टा राखा. पैसाही वाचेल, पाणीही.

गाळ जरूर काढू आणि शेतात टाकू. त्यात तलावाला नको असलेला आणि पिकाला हवा असलेला फॉस्फरस आहे. फक्त सगळा तळ एकदम खरवडायचा नाही. काठच्या पाणवनस्पतींचा पट्टा राहू द्यायचा, म्हणजे पुढे तलाव भरायला बी उरेल.

मच्छीमार संस्थांनी मत्स्यबीज घेताना दोन पाहुण्यांना आवरावं. ग्रास कार्प पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. मूर्ती आणि निर्माल्यासाठी ग्रामपंचायतीने वेगळा हौद करावा.

आणि शिक्षकांनो, तलावाची राखण मुलांच्या हाती द्या. पांढऱ्या थाळीला दोरी आणि वजन बांधून ती मोठ्यांच्या देखत पाण्यात सोडायची. थाळी दिसेनाशी झाली की दोरी किती उतरली ते मोजायचं. दर महिन्याला हा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. आकडा घटू लागला, तर पाणी गढूळ होतंय हे गावाला वेळीच कळेल. ग्रामसभेत तक्रारीपेक्षा असा आकडा जास्त बोलतो.

तलाव सरकारच्या दप्तरी असले, तरी पाणी आपण वापरतो, मासळी आपण खातो, धान आपण पिकवतो. येत्या ग्रामसभेत तलावाचा विषय मांडा. एक नाला, एक तलाव, एक शाळा, एवढ्यापासून सुरुवात करू. पण याच पावसाळ्याआधी करू.