थांबणे हीदेखील तयारीच
वाचकहो, मार्गासनीच्या ओसरीवर पाऊस ओसरण्याची वाट पाहणे आपल्या अंगवळणी पडलेले असते. समुद्रकिनारी मात्र तोच संयम सुटतो. गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट वाऱ्यामुळे रद्द झाली, तर खंत करू नये. कोळीबांधवही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात.

निघताना नेहमीची औषधे दोन दिवस पुरतील इतकी जास्तीची घ्यावीत व हातातील पिशवीतच ठेवावीत. मधुमेह असल्यास जेवण लांबेल हे गृहीत धरून खाऊ व साखर जवळ असावी. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, लघवी अडकते. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. बोटीत मध्यभागी बसून नजर क्षितिजावर ठेवावी. आणि सोबत्यांनो, ज्येष्ठ ‘आज नको’ म्हणाले, तर तो शब्द अखेरचा मानावा.