दाराशीं विचारले जाणारे तीन प्रश्न

घरांतील इंटरनेट बंद पडलें कीं, "पासवर्ड बदलला काय?" असा प्रश्न चोहोंकडून निघतो. पण कोणता पासवर्ड, असें विचारलें असतां बहुतेक मंडळी निरुत्तर होतात. वस्तुतः पुष्कळ घरांत किल्ल्या दोन असतात. एक वाय-फायची, ती आपण घरच्या माणसांस देतों. दुसरी म्हणजे कंपनीनें दिलेलें नांव व गुप्त शब्द. ती राउटरच्या पोटांत असते. आज आम्ही या दुसरीविषयीं लिहीत आहों.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. त्या वेळीं टेलिफोन लावून, नांव व गुप्त शब्द देऊन आंत जावें लागे. पुढें ब्रॉडबँड आलें, तरी ही चाल मोडली नाहीं. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पीपीपीओई' नामक नियमावलीनें तीच चाल नव्या जोडणीवर आणली. आतां नांव राउटर आपण होऊन सांगतो, एवढाच फरक. कांहीं कंपन्या मात्र तार कोणत्या घरची व पेटीचा क्रमांक काय, एवढ्यावरूनच ओळख पटवितात.

कंपनीच्या दाराशीं असलेलें यंत्र सहसा स्वतः निर्णय करीत नाहीं. तें 'रेडियस' नांवाच्या कारभाऱ्यास विचारतें. प्रश्न तीन : हा कोण? यास काय द्यावें? यानें किती घेतलें?

पहिल्या प्रश्नाची एक रीत मोठी चतुर आहे. दारावरील यंत्र दर खेपेस एक नवी संख्या पाठवितें. राउटर ती संख्या व गुप्त शब्द एकत्र करून ठराविक गणित करतो आणि केवळ उत्तर पाठवितो. कारभारीही तेंच गणित करून ताडून पाहतो. गुप्त शब्द तारेवरून जातच नाहीं. सर्वत्र ही काळजी घेतली जाते असें मात्र नाहीं. कोठें कोठें तो जसाच्या तसाही जातो.

ओळख पटली कीं ठरलेला वेग मिळतो. मग हिशेब सुरू होतो. ठराविक मर्यादा संपली कीं वेग मंदावतो. पैसे थकले कीं दार बंद होतें.

येथें शाकुंतलाची आठवण होते. दुष्यंतास स्मरण झालें तें अंगठी पाहून. शकुंतला समोर उभी असतांना नव्हे. कंपनीही अंगठीच ओळखते. घरांत आजोबा वर्तमानपत्र वाचीत आहेत, कीं नातवाचा मित्र कांहीं भलतेंच करीत आहे, हें तिला सहसा कळत नाहीं. तिच्या वहींत जोडणी एकाच्याच नांवावर असते, आणि कांहीं गैर घडल्यास पहिली विचारणा त्या गृहस्थाकडेच येते.

म्हणून कंपनीचा गुप्त शब्द परक्यास सांगूं नये. पण बिलांच्या फायलींत अवश्य टिपून ठेवावा. राउटर मूळ स्थितीवर नेला, तर तो शब्द पुसला जातो आणि माहीत नसल्यास कारागिराची वाट पाहत बसावें लागतें. वाय-फायचा शब्द पुष्कळांस ठाऊक झाला असेल, तर बदलावा. पाहुण्यांसाठीं निराळी जोडणी करण्याची सोय राउटरमध्यें असल्यास ती वापरावी.

कंपनीचा पहारा उंबरठ्यापर्यंत. त्याच्या आंत कोण वावरतो, हें पाहणें घरच्या कर्त्या माणसाचेंच काम होय.