फ्यूज बॅटरीपाशीच हवा
आषाढी वारीत दिंडीच्या टेम्पोला इन्व्हर्टर जोडून दिवे लावतात, मोबाइल चार्ज करतात. सोय उत्तमच, पण जोडलेली वायर पाहून काळजात धस्स होतं. घरच्या २३० व्होल्टवर १००० वॉटला चार-पाच अँपिअर पुरतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढ्याच कामाला नव्वदेक अँपिअर ओढले जातात. बारीक वायर तापते, वरचं प्लास्टिक वितळतं, आणि शेजारी ताडपत्री, गाद्या, गॅसची टाकी! केबल जाड, तांब्याची आणि आखूडच घ्या. फ्यूज मात्र बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच बसवा. तो केबलच्या रक्षणासाठी असतो: केबल पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि इन्व्हर्टरमधला फ्यूज ते थांबवू शकत नाही. जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा, सोडवताना आधी काढा.