टाटा स्टीलच्या समभागाचे दीर्घकालीन मूल्यांकन

टाटा स्टील ही १९०७ मध्ये 'टाटा आयर्न अँड स्टील कंपनी' (टिस्को) या नावाने स्थापन झालेली भारतीय पोलाद उत्पादक कंपनी आहे. तिचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईतील बॉम्बे हाऊस येथे असून तिचा समभाग सेन्सेक्स व निफ्टी ५० या दोन्ही निर्देशांकांत समाविष्ट आहे. पोलाद हा चक्रीय उद्योग असल्याने या समभागाच्या किमतीत मोठे चढउतार होत आले आहेत. चक्रीय उद्योगातील कंपनीचे मूल्य कसे मोजावे आणि प्रचलित मोजमापे कोठे दिशाभूल करतात, हे समजून घेण्यासाठी या समभागाचा इतिहास उपयुक्त ठरतो.

जुलै २०२२ मध्ये कंपनीने १० रुपये दर्शनी मूल्याच्या समभागाचे १ रुपयाच्या दहा समभागांत विभाजन केले. या लेखातील प्रति समभाग किमती विभाजनानंतरच्या पायावर व अंदाजे दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

स्वदेशी चळवळीच्या काळात कंपनीचे मूळ भांडवल प्रामुख्याने भारतीय गुंतवणूकदारांकडून उभे राहिले. साकची (पुढे जमशेदपूर) येथील कारखान्यात १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके पोलादाचे दर व वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते. त्यामुळे कंपनीचा नफा बाजारापेक्षा धोरणावर अधिक अवलंबून असे. जानेवारी १९९२ मध्ये हे नियंत्रण उठले आणि समभागाची किंमत जागतिक पोलाददराशी जोडली जाऊ लागली.

लोहखनिजाच्या स्वतःच्या खाणी ही कंपनीची मोठी जमेची बाजू मानली जाते. खनिज बाहेरून विकत घ्यावे लागत नसल्याने मंदीच्या काळातही तिचा भारतीय व्यवसाय तुलनेने कमी खर्चात चालतो. कोकिंग कोळसा मात्र मोठ्या प्रमाणात आयात करावा लागतो.

कोरस खरेदी आणि त्यानंतरचा काळ

जानेवारी २००७ मध्ये ब्राझीलच्या सीएसएन कंपनीशी झालेल्या लिलावात टाटा स्टीलने प्रति समभाग ६०८ पेन्स देऊन अँग्लो-डच कंपनी कोरस मिळवली. एकूण व्यवहार सुमारे १२ अब्ज डॉलरचा होता आणि कोरसची उत्पादनक्षमता टाटा स्टीलच्या तेव्हाच्या क्षमतेच्या कित्येक पट होती. निकाल जाहीर झाला त्या दिवशी समभाग सुमारे १० टक्क्यांनी घसरला. पुढे तेजीच्या लाटेत २००७-०८ मध्ये किंमत ९० रुपयांच्या वर गेली, तर जागतिक वित्तीय संकटानंतर ती १५ रुपयांच्या आसपास आली.

युरोपातील मागणी त्यानंतर पूर्वपदावर आली नाही. २०१२-१३ मध्ये कंपनीने मुख्यतः ख्यातीमूल्यातील घट म्हणून सुमारे १.६ अब्ज डॉलर लेख्यांतून कमी केले व त्या वर्षी एकत्रित तोटा दाखवला. २०१५-१६ मध्ये चीनमधील स्वस्त पोलादाच्या लोंढ्यामुळे किंमत २० ते २५ रुपयांच्या पट्ट्यात होती. युरोपीय व्यवसाय थिसेनक्रुपबरोबर संयुक्त कंपनीत वळवण्याचा प्रयत्न जून २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने रोखला.

२००७-०८ चा उच्चांक समभागाने २०२१ मध्येच निर्णायकपणे ओलांडला. दरम्यानच्या सुमारे तेरा वर्षांत सेन्सेक्स दुपटीहून अधिक झाला होता. उच्चांकाला खरेदी करणाऱ्या गुंतवणूकदाराला या काळात लाभांश मिळत राहिला, पण महागाई विचारात घेता त्याच्या भांडवलाचे मूल्य घटले. २००९ च्या मंदीत खरेदी करणाऱ्याचे भांडवल त्याच काळात अनेक पटींनी वाढले.

कर्ज आणि समभागमूल्य

कंपनीच्या एकूण मूल्यात भागधारकांचा वाटा किती आणि कर्जदात्यांचा किती, यावर समभागाच्या हालचालीची तीव्रता ठरते. मार्च २०२० अखेर कंपनीचे निव्वळ कर्ज एक लाख कोटी रुपयांहून अधिक होते, तर समभागांचे एकूण बाजारमूल्य सुमारे ३० हजार कोटी रुपये होते. या कर्जात मे २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेअंतर्गत झालेल्या भूषण स्टीलच्या संपादनाचा मोठा भाग होता.

मार्च २०२२ पर्यंत निव्वळ कर्ज सुमारे ५१ हजार कोटींवर आले आणि बाजारमूल्य सुमारे १.६ लाख कोटींवर गेले. म्हणजे कर्जासह धरलेले उद्योगमूल्य साधारण दीडपट झाले, तर समभागांचे मूल्य पाच पटींहून अधिक वाढले. हीच पट घसरणीच्या काळात उलट दिशेने काम करते.

किंमत-उत्पन्न गुणोत्तराचा विरोधाभास

२०२१-२२ मध्ये कंपनीला सुमारे ४१,७०० कोटी रुपयांचा विक्रमी एकत्रित नफा झाला. प्रति समभाग उत्पन्न सुमारे ३३ रुपये आणि मार्च २०२२ अखेरची किंमत सुमारे १३० रुपये होती, म्हणजे गुणोत्तर केवळ ४ होते. नेहमीच्या निकषाने समभाग अत्यंत स्वस्त दिसत होता. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलाद उत्पादनांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावले आणि समभाग एका दिवसात १० टक्क्यांहून अधिक घसरला. हे शुल्क नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आले.

२०२२-२३ मध्ये प्रति समभाग उत्पन्न सुमारे ७ रुपयांवर आले आणि मार्च २०२३ अखेर किंमत सुमारे १०४ रुपये होती. किंमत घटूनही गुणोत्तर १४ च्या पुढे गेले. २०२३-२४ मध्ये सुमारे ४,९०० कोटींचा तोटा झाल्याने गुणोत्तर निरर्थक ठरले, तरी त्याच वर्षात समभाग सुमारे ५० टक्के वाढला.

याचे कारण असे की बाजार चालू वर्षाच्या नफ्यापेक्षा चक्राच्या पुढील टप्प्याकडे पाहतो. विक्रमी नफा टिकणार नाही असे वाटल्यास गुणोत्तर खाली राहते आणि तोटा तात्पुरता वाटल्यास किंमत टिकून राहते. म्हणून चक्रीय कंपन्यांसाठी पुस्तकी मूल्याशी तुलना, प्रति टन परिचालन नफा आणि अनेक वर्षांच्या सरासरी उत्पन्नावर आधारित गुणोत्तर ही मापे अधिक विश्वसनीय मानली जातात. पुस्तकी मूल्यालाही मर्यादा आहेत. कोरसप्रमाणे महागात घेतलेली मालमत्ता लेख्यांतून कमी होईपर्यंत ते फुगलेले राहते.

पुढील काळातील घटक

ब्रिटनमधील पोर्ट टॅल्बट येथील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. तेथे १.२५ अब्ज पाउंड खर्चून विद्युत चाप भट्टी उभारली जात असून त्यात ब्रिटिश सरकारचा वाटा ५० कोटी पाउंड आहे. भट्ट्या बंद झाल्याने तोटा कमी होण्याची अपेक्षा गुंतवणूकदारांनी बाळगली, तर हजारो कामगारांनी रोजगार गमावला.

भारतात ओडिशातील कलिंगनगर प्रकल्पाचा विस्तार हा वाढीचा मुख्य आधार आहे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काही पोलाद उत्पादनांच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावल्याने देशांतर्गत दरांना आधार मिळाला. मात्र खाणविषयक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार स्वतःच्या वापरासाठीच्या जुन्या खाणपट्ट्यांची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत असून त्यानंतर त्यांचा लिलाव अपेक्षित आहे. खनिजासाठी अधिक मोल मोजावे लागल्यास आजवरच्या मूल्यांकनात गृहीत धरलेला खर्चाचा लाभ कमी होईल.