लाल वाइन : औषध नव्हे, पाहुणचार

गोव्याच्या सीमेलगत वसलेल्या आपल्या रामनगरात वाइनची बाटली ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. खटकते ते तिच्यासोबत दिले जाणारे प्रशस्तिपत्र : “हृदयाला चांगली असते!” निदान आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांच्या मुखातून ते निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या समजाला बळ मिळाले ते १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या रनो व द लॉर्जेरिल यांच्या लेखाने. स्निग्ध आहार असूनही फ्रेंचांत हृदयविकार कमी, याचा संबंध त्यांनी वाइनशी जोडला होता. परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. रंग लाल असल्याने ते बदलत नाही.

तरीही ज्यांना चवीखातर घ्यावयाची आहे, त्यांनी ती जाणून घ्यावी. ‘मिश्रण’ म्हटले की आपल्याला भेसळ आठवते! बोर्दोमध्ये मात्र तेच शहाणपण ठरले. कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष उशिरा पिकणारे, तुरट व टिकाऊ. मर्लो लवकर पिकणारे व मऊ. अवकाळी पावसाने एकाला झोडपले, तरी दुसरे हाती लागते. दक्षिण ऱ्होनच्या खोऱ्यात ग्रेनाश, सिरा व मूर्वेद्र यांचा मेळ घालतात. ती वाइन अधिक उबदार, मसालेदार गंधाची.

आपल्या पानाला, माझ्या मते, ऱ्होनच अधिक मानवते. बोर्दोची तुरटी तिखटाबरोबर झोंबते आणि बांगड्याबरोबर तर तोंडाला धातूची चव आणते. फ्रेंच बाटलीचाच हट्ट कशाला? आपल्याच राज्यात, नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर यांनी बोर्दोचे तज्ज्ञ मिशेल रोलाँ यांच्या सल्ल्याने कॅबर्ने-शिराझचे ‘ला रिझर्व्ह’ हे मिश्रण सिद्ध केले.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हे वचन आपल्याकडे फार फसवे आहे. ती खोली युरोपातील जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. एप्रिलातील आपली नव्हे. तिशीपार गेलेल्या वाइनमध्ये फळाचा गंध हरवून केवळ अल्कोहोल नाकात शिरते. म्हणून बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, पेला एक तृतीयांशच भरावा. कोवळी, तुरट बोर्दो तासभर आधी सुरईत ओतल्यास खुलते.

आग्रह मात्र नको. मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्याच्या हाती रिकाम्या पोटी पेला देणे म्हणजे रक्तशर्करा घसरण्यास निमंत्रणच. ज्याला गाडी घेऊन अनमोड घाट उतरावयाचा आहे, त्याच्यापुढे सोलकढी ठेवावी. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सहज राहते.